१२१ सामने हरायचे तरी कसे?

२७ सप्टेंबर २०२४ च्या रात्री शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉल संघ डेट्रॉइटमध्ये ४-१ असा हरला. त्या हंगामातला हा त्यांचा १२१वा पराभव. १९०१ पासूनच्या इतिहासाला बेसबॉलवाले ‘आधुनिक काळ’ म्हणतात. या काळात एका हंगामात इतके सामने कुठलाच संघ हरला नव्हता. त्याच रात्री तोच सामना जिंकून डेट्रॉइटचा संघ दहा वर्षांनी बाद फेरीत पोचला. एका बाजूला जल्लोष आणि दुसऱ्या बाजूला नामुष्की, दोन्ही एकाच मैदानावर.

संघ हरतात, त्यात नवल काय, असं वाटेल. पण बेसबॉलमध्ये १२१ सामने हरणं फार कठीण असतं. हा खेळच असा आहे की सुमार संघालाही तो अधूनमधून जिंकू देतो. म्हणून हा हंगाम कसा घडला हे समजून घेण्यात खेळापेक्षा जास्त काही हाती लागतं.

आधी खेळाचं गणित पाहू. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ साधारण सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोजच सामना. सामन्यात दोन्ही संघांना नऊ-नऊ डाव मिळतात आणि तीन बाद झाले की डाव संपतो. एका संघाच्या वाट्याला सरासरी चार-साडेचार धावा येतात. चेंडू इंचभर इकडेतिकडे गेला की निकाल फिरतो. शिवाय बेसबॉलमध्ये सगळं काही पिचरवर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्यावर, अवलंबून असतं आणि सुरुवात करणारा पिचर एकदा खेळला की चार-पाच दिवस विश्रांती घेतो. त्यामुळे सोमवारचा संघ आणि मंगळवारचा संघ कागदावर एकच असला तरी प्रत्यक्षात वेगळा असतो. बॅटरचं म्हणाल, तर दहापैकी तीनदा हिट मारणारा उत्तम समजला जातो.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे, बेसबॉलमध्ये कुणीच अजिंक्य नसतं. २०२४ मध्ये सगळ्यात जास्त सामने लॉस एंजेलिस डॉजर्सने जिंकले, ९८. म्हणजे ६४ हरले. पुढे विजेतेही तेच ठरले. क्रिकेटच्या नजरेने पाहिलं तर ६४ पराभव झालेल्या संघाचा कर्णधार एव्हाना बदलला असता! बेसबॉलमधली जुनी म्हण अशी की प्रत्येक संघ एक तृतीयांश सामने जिंकतो, एक तृतीयांश हरतो आणि उरलेल्या तृतीयांशात काय करतो त्यावर हंगाम ठरतो. या हिशेबाने ५४ विजय तर पदरात पडायलाच हवेत. व्हाइट सॉक्सला मिळाले ४१.

बेसबॉलच्या आकडेतज्ज्ञांनी तळ मोजायचंही एक माप काढलंय. समजा, तुमच्याकडे एकही खरा खेळाडू नाही. छोट्या लीगमधले, कुणीही थोड्या पैशांत उचलू शकेल असे पडून राहिलेले खेळाडू गोळा करून तुम्ही संघ उभा केला, तर तो किती सामने जिंकेल? त्यांचं उत्तर आहे साधारण ४८. याला ‘बदली खेळाडूची पातळी’ म्हणू या, कारण कुणी जखमी झाल्यावर ऐनवेळी बोलवता येईल असा खेळाडू त्यात गृहीत धरलेला असतो. खेळाडूची किंमत आज याच पातळीपासून वर मोजली जाते. हा खेळाडू बदली खेळाडूपेक्षा किती जास्त विजय मिळवून देतो, असा तो प्रश्न असतो.

आता कोडं असं, की व्हाइट सॉक्सकडे खरे, करारबद्ध, लाखो डॉलर पगार घेणारे खेळाडू होते आणि तरी ते फुकट्यांच्या संघापेक्षा सात सामने मागे राहिले.

यातलं थोडं नशिबावर ढकलता येतं. बिल जेम्स या आकडेतज्ज्ञाने एक सुटसुटीत सूत्र दिलं आहे. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला काढलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. जे येईल ते विजयाचं अपेक्षित प्रमाण. व्हाइट सॉक्सने ५०७ धावा काढल्या आणि ८१३ दिल्या. सामन्यागणिक तीनच्या आसपास काढायच्या आणि पाच द्यायच्या. सूत्रात घातलं की ०.२८ येतं, म्हणजे सुमारे ४५ विजय. सूत्राच्या सुधारित आवृत्तीत ४८ येतात. प्रत्यक्षात ४१. हा चार ते सात सामन्यांचा फरक म्हणजे अटीतटीचे सामने उलटे पडणं. नाणं १६२ वेळा उडवलं तरी छापा-काटा मोजून निम्मे निम्मे येत नाहीत. तसंच नुसत्या योगायोगाने पाच-सहा सामने इकडचे तिकडे होतात.

योगायोग मैदानावर कसा दिसतो त्याचा एक नमुना. २३ मे, शिकागोचं घरचं मैदान, समोर बॉल्टिमोर. नववा डाव, शिकागो ८-६ ने मागे, एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर (धाव पुरी करताना लागणाऱ्या टप्प्यांवर) धावपटू. म्हणजे बरोबरीच्या धावा मैदानातच उभ्या होत्या. अँड्र्यू बेनिन्टेंडीने चेंडू उंच उडवला, पण तो बेसांच्या आसपासच्या आतल्या मैदानातच राहिला. अशा वेळी चेंडू हवेत असतानाच पंच बॅटरला बाद देतात. नाहीतर क्षेत्ररक्षक सोपा झेल मुद्दाम सोडून दोन धावपटूंना टिपेल, म्हणून हा नियम. झाले दोन बाद. तेवढ्यात दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू वॉन मागे परतत होता आणि झेल घ्यायला निघालेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) त्याच्या वाटेत आला. शॉर्टस्टॉपने झेल आरामात घेतला. तरी पंचांनी अडथळा आणल्याबद्दल वॉनलाही बाद दिलं. तीन बाद, सामना संपला. तिथे पंचांना थोडी सूट घेता आली असती, असं लीगने नंतर संघाला कळवलं. पण निकाल बदलत नसतो. तो पराभव सलग १४ पराभवांच्या मालिकेतला एक ठरला.

पण नशिबाच्या खात्यात यापेक्षा जास्त टाकता येत नाही. सूत्राने दिलेले ४५ विजय म्हणजेसुद्धा इतिहासातल्या अगदी तळाच्या संघांची संगत. तिथे पोचायला एक हंगाम पुरत नाही, काही वर्षं लागतात.

ही गोष्ट २०१६ पासून सुरू होते. त्या उन्हाळ्यात व्हाइट सॉक्सने एका अनुभवी पिचरच्या बदल्यात फर्नांडो टाटिस ज्युनियर नावाचा १७ वर्षांचा पोरगा सॅन दिएगोला देऊन टाकला. तो पुढे मोठा तारा झाला. पण ती चूक एका सौद्यापुरती. खरा निर्णय डिसेंबरमध्ये झाला. संघ आहे तसा फार पुढे जाणार नाही, तेव्हा तो मोडून नव्याने बांधायचा असं ठरलं. क्रिस सेल हा त्यांचा हुकमी पिचर बॉस्टनला गेला आणि बदल्यात होतकरू मुलं आली. पुढच्या वर्षी होजे किंताना गेला आणि एलॉय हिमेनेस व डिलन सीज आले.

हे असं का करतात, ते जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण बेसबॉलचं सगळं अर्थकारण इथे आहे. मोठ्या लीगमध्ये आल्यावर खेळाडू पहिली सहा वर्षं त्या संघाशी बांधलेला असतो. त्याला मोकळ्या बाजारात जाता येत नाही. सुरुवातीची साधारण तीन वर्षं तर तो किमान पगाराच्या आसपास खेळतो. २०२४ मध्ये हा किमान पगार ७,४०,००० डॉलर होता. याउलट बाजारातून तयार तारा आणायचा तर शोहेई ओहतानीला डॉजर्सने द्यायचे ठरवले तसे ७० कोटी डॉलर मोजावे लागू शकतात. म्हणजे तरुण, स्वस्त आणि चांगले खेळाडू एकाच वेळी हाताशी असले तर संघ जिंकतोही आणि पैसाही वाचतो. त्यासाठी चालू खेळाडू विकायचे, काही वर्षं हरायचं आणि पोरं तयार व्हायची वाट पाहायची. आपल्याकडच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटसारखंच आहे हे. इमारत पाडायला महिना पुरतो, टॉवर उभा राहील की नाही हे मात्र बिल्डरवर.

शिकागोचा टॉवर उभा राहिला, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये ते बाद फेरीत गेले, २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून त्यांनी आपला गट जिंकला. पोरं विशी-पंचविशीतली, करार लांबचे. पुढची चार-पाच वर्षं यांचीच, असं जाणकार म्हणत होते. पण २०२२ मध्ये ८१ विजय आणि ८१ पराभव. २०२३ मध्ये १०१ पराभव. आणि मग १२१.

मधे काय झालं? एक तर, इमारत उभी राहिल्यावर मालकांनी तिच्यावर खर्च केला नाही. १९८१ पासून संघ जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे आहे. बास्केटबॉलमधला शिकागो बुल्सही त्यांचाच. २०२१ च्या हंगामासाठी त्यांनी टोनी ला रूसा यांना मॅनेजर म्हणून आणलं. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या प्रशिक्षकाच्या जागी असणारा माणूस. ला रूसा थोर खरे, पण वय ७६ आणि शेवटचा संघ सांभाळून दहा वर्षं झालेली. १९८६ मध्ये त्यांना काढून टाकल्याची खंत मालकांच्या मनात होती, ती अशी फेडली गेली. या संघाने आजवर सगळ्यात मोठा करार केला तो बेनिन्टेंडीशी, पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. शिकागोसारख्या महानगरातल्या, १९०१ पासून लीगमध्ये असलेल्या संघाचा हा विक्रम! डॉजर्सच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिलं की कळतं.

दुसरं म्हणजे, बाहेरून आणलेली पोरं चमकली, पण त्यांच्यामागे दुसरी फळी नव्हती. हिमेनेस, योआन मोंकाडा, लुइस रॉबर्ट आलटून पालटून जखमी होत राहिले आणि त्यांच्या जागी खेळायला कुणी धड नव्हतं. आपल्या छोट्या संघांतून सतत नवे खेळाडू वर येत राहणं, हीच चांगल्या क्लबची खरी ताकद असते. तारे तर सगळ्यांकडेच जखमी होतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये वर्षानुवर्षांचे दोन वरिष्ठ अधिकारी काढले गेले आणि दहा दिवसांच्या आत त्याच कचेरीतले क्रिस गेट्झ यांना वर बसवलं गेलं. नव्या माणसाने पुन्हा तोच जुना नुस्खा काढला, संघ मोडायचा. मार्च २०२४ मध्ये, हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे असताना, सर्वात भरवशाचा पिचर डिलन सीज सॅन दिएगोला गेला. पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय आणि २२ पराभव. एप्रिल संपायच्या आत हंगाम संपला होता.

यानंतर पराभव स्वतःच पराभव जन्माला घालू लागतात. हरणाऱ्या संघाने खेळाडूंच्या अदलाबदलीच्या जुलैअखेरच्या मुदतीपर्यंत जे कुणी विकण्याजोगे असतील ते विकायचे, हा शहाणपणाच मानला जातो. व्हाइट सॉक्सने एका तिरंगी सौद्यात पिचर एरिक फेडी आणि बॅटर टॉमी फाम सेंट लुइसला दिले आणि मायकेल कोपेक डॉजर्सला. कोपेकने त्याच वर्षी विजेतेपदाची अंगठी मिळवली. गॅरेट क्रोशे हा उरलेला एकमेव दमदार पिचर. त्याला इतक्या लांब हंगामात सामना सुरू करणारा पिचर म्हणून खेळायची सवय नव्हती, म्हणून दुसऱ्या टप्प्यात त्याला चार-चार डावच टाकू दिले. आता चार डाव उत्तम गेले तरी उरलेले पाच कुणी टाकायचे? ज्यांच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता त्यांनी. क्रोशेने १४६ डावांत २०९ बॅटर तीन स्ट्राइकवर, म्हणजे चेंडू नीट मारू न देता, परत पाठवले आणि तरी त्याच्या नावावर ६ विजय, १२ पराभव लागले (बेसबॉलमध्ये निकाल पिचरच्या नावावरही मांडतात). बदली खेळाडूच्या पातळीखाली संघ जातो तो असा. चांगले गेलेले असतात, असलेल्यांना जपायचं असतं आणि उरलेली जागा कच्च्या पोरांना शिकण्यासाठी दिलेली असते. जिंकणं हे त्या दिवसाचं कामच नसतं.

१० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात ते सलग २१ सामने हरले. मोठ्या लीगचे अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग असे दोन भाग आहेत; त्यातल्या अमेरिकन लीगमध्ये १९८८ च्या बॉल्टिमोरशी ही बरोबरी होती. रोज हरण्याची शक्यता ७० टक्के धरली तरी ठरावीक २१ सामने ओळीने हरण्याची शक्यता अठराशेत एक इतकीच येते. अख्ख्या हंगामात अशी मालिका कुठेतरी सुरू व्हायची शक्यता धरली तरी साधारण चाळीसात एक. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ते ५-१ ने जिंकले आणि दोन दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना घरी पाठवलं गेलं. मालिका चालू असताना नाही, तुटल्यावर! तेव्हा खात्यावर होते २८ विजय, ८९ पराभव. तात्पुरते मॅनेजर म्हणून ग्रेडी साइझमोर आले, त्यांच्या हाताखाली १३ विजय आणि ३२ पराभव. माणूस बदलला, प्रमाण फारसं हललं नाही.

आता वाचकाच्या मनात आलं असेल, की मालकांना याची झळ बसत नाही का? इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात. अमेरिकेत, आपल्या आयपीएलसारखंच, कुणालाही खाली जावं लागत नाही. देशव्यापी प्रक्षेपणाचा पैसा तीसही संघांत सारखा वाटला जातो, आणि स्थानिक उत्पन्नातलाही ४८ टक्के वाटा एकत्र करून वाटतात. रिकाम्या खुर्च्यांनी नुकसान होतं, पण बुडायला होत नाही. याच हंगामाच्या वर्षी मालक नव्या मैदानासाठी सरकारी पैशाच्या खटपटीत होते, हे शिकागोकर विसरलेले नाहीत.

उलट, वर्षानुवर्षं हरण्याला बक्षीसच होतं. नव्या खेळाडूंच्या निवडीत सर्वांत वाईट संघाला पहिला मान मिळे. ह्यूस्टन २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं शंभरहून जास्त सामने हरलं आणि २०१७ मध्ये विजेतं ठरलं (त्या विजेतेपदाला प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरल्याचा डाग लागला, तो भाग निराळा). मग सगळेच मुद्दाम दुबळे होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून आता पहिल्या सहा जागा सोडतीने ठरतात आणि तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, १६.५ टक्के. शिवाय मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं या सोडतीतली जागा मिळत नाही. व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये पाचवी जागा घेतली होती. त्यामुळे १२१ पराभवांनंतर २०२५ मध्ये त्यांच्या हाती लागली ती दहावी जागा. हरण्यातून जे मिळवायचं, तेही मिळालं नाही. आधुनिक इतिहासातला सर्वाधिक पराभवांचा हंगाम, आणि तोही बिनकामाचा.

मालकाच्या लहरीपायी संघ खड्ड्यात जाणं मात्र नवं नाही. १८९९ मध्ये क्लीव्हलँड स्पायडर्स १५४ पैकी १३४ सामने हरले. त्यांच्या मालकांनी सेंट लुइसचा संघही विकत घेतला होता आणि साय यंगसकट सगळे बिनीचे खेळाडू तिकडे हलवले होते. तो विक्रम कुणी मोडेल असं वाटत नाही. आणि अगदी काटेकोर व्हायचं तर टक्केवारीत व्हाइट सॉक्सपेक्षाही वाईट संघ आधुनिक काळात झालेत. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सने ४० जिंकून १२० घालवले आणि १९१६ च्या फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सने ३६ जिंकून ११७. पण मेट्स तेव्हा नवजात संघ होता, इतरांनी नको म्हटलेल्या खेळाडूंचा. न्यूयॉर्ककरांनी त्यांच्यावर मायाच केली आणि सात वर्षांत ते विजेते झाले.

शिकागोत माया नव्हती. १२० वा पराभव २२ सप्टेंबरला सॅन दिएगोत झाला, ज्या संघात टाटिसही होता आणि सीजही. मग संघ घरी आला. विक्रमी पराभव घरच्या मैदानावर व्हायची चिन्हं होती. २४ तारखेला लोक आले आणि ‘संघ विकून टाका’ असं मालकांच्या नावाने ओरडत राहिले. लॉस एंजेलिस एंजल्स या संघाविरुद्ध आठव्या डावापर्यंत शिकागो २-० ने मागे. मग तीन धावा आल्या, निर्णायक फटका बेनिन्टेंडीचा, सामना ३-२. दुसऱ्या दिवशी बरोबरीमुळे लागलेल्या जादा, दहाव्या डावात पुन्हा त्यानेच जिंकून दिलं, तिसऱ्या दिवशी ७-० असा सरळ विजय. अख्ख्या हंगामात जे क्वचितच जमलं होतं ते विक्रम पाहायला आलेल्यांसमोर जमलं. डेट्रॉइटला १२१ वा पराभव झाल्यावर उरलेले दोन सामनेही त्यांनी जिंकले. शेवटच्या सहापैकी पाच!

त्या वर्षी नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा सन्मान क्रिस सेलला मिळाला, अटलांटाकडून खेळताना. डिसेंबरमध्ये शिकागोने क्रोशेलाही बॉस्टनला पाठवलं, पुन्हा होतकरू पोरं घेतली. २०२५ मध्ये विल व्हेनेबल या नव्या मॅनेजरच्या हाताखाली त्यांनी ६० सामने जिंकले आणि १०२ हरले. त्याच वर्षी कोलोरॅडो रॉकीज ११९ सामने हरले. त्यांनी काढलेल्या धावांपेक्षा दिलेल्या धावा ४२४ ने जास्त होत्या, तर व्हाइट सॉक्सचा फरक ३०६ चा होता. म्हणजे धावांच्या हिशेबाने रॉकीज कितीतरी जास्त वाईट, पण विजय दोन जास्त, ४३.